आधी मी पितो

पाणी भरण्याआधी तो हंड्याचा काठ दगडावर टकटक वाजवायचा आणि कपारीत वाकून विचारायचा, "हायेस का रं बाबा?" खेकड्याची नांगी बाहेर दिसली की मगच हंडा पाण्यात जायचा. झऱ्यात खेकडा आहे तोवर पाणी चांगलं, असं सगळी वाडी मानत असे. झरा साफ ठेवायचं काम मात्र यानेच आपणहून अंगावर घेतलेलं. बायका त्याला चिडवायच्या, "भेटला का सोयरा?"

मी तेव्हा मुळशीच्या धरणावरच्या त्या वाडीत मास्तर होतो. धरणाचं पाणी खाली डोळ्यांसमोर पसरलेलं, पण तिथून हंडा वर आणताना जीव जायचा. उन्हाळ्यात सगळी भिस्त झऱ्यावर.

शाळा देवळात भरायची. एकदा मी मुलांकडून घोकून घेत होतो : मासा सजीव, पाणी निर्जीव, दगड निर्जीव. झऱ्यावरचा हा गडी देवळाच्या पायरीवरून म्हणाला, "मास्तर, पान्याबिगर मासा कशाचा जित्ता? समदी एकाच घरची की वो."

"परीक्षेत असं लिहिलंत तर नापास व्हाल."

"मंग नापास!" स्वारी खूश.

तुम्हालाही असा एखादा भेटला असेल. हसतमुख, आणि आत काय जळतंय याचा पत्ता लागू न देणारा. त्याची एकुलती पोरगी हिवतापाने गेली होती. तिचं नाव तो काढत नसे.

मग वाडीत डी.डी.टी. फवारणारी माणसं आली. घराघराच्या भिंती फवारल्या. हा दिवसभर त्यांच्या मागे. हिवतापाचे डास पाण्यात जन्मतात, हे त्याने त्यांच्याकडून ऐकलं आणि तेवढंच डोक्यात घेतलं. अंगणात सांडलेली पावडर त्याने कुणाला न सांगता झाडून गोळा केली आणि झऱ्यात टाकली. दुसऱ्या कुणाची पोर जाऊ नये, एवढाच त्याचा विचार.

सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. बेडूक, खेकडे, पाण्यावर पळणारे किडे, सगळे मेलेले. पाणी आणि दगड तेवढे कालच्यासारखेच दिसत होते. बायका आल्या तेव्हा हा हात आडवे करून उभा होता.

"नगा भरू. म्या मारलंय समदं."

वाडीने त्याला मारलं नाही. बोलणं टाकलं. बायका धरणावर उतरू लागल्या. भरलेला हंडा डोईवर चढवायला दुसरं माणूस लागतं. त्याच्या बायकोच्या हंड्याला कुणी हात लावीना. मग तोच तिच्याबरोबर उतरायचा, हंडा चढवून द्यायचा आणि वर येऊन दिवसभर झरा उपसत बसायचा. कुणाचं जनावर, कुणाचं पोर चुकून तोंड लावील म्हणून तो निजायलाही तिथेच गेला. पावसाळाभर इरलं पांघरून उघड्यावर, आणि पुढेही तिथेच.

पावसाने झरा धुऊन निघाला. तेव्हापासून रोज सकाळी तो वाटेवरच्या बायकांना हाक मारायचा. "आधी मी पितो. मला काय झालं न्हाई तर तुमी प्या." सगळ्यांदेखत ओंजळभर प्यायचा. बायका न थांबता जायच्या. दिवाळीनंतर एकदोघी थांबायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली सुद्धा, "एवढं दीस पितोय, काय झालं का त्याला?" मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात त्याला हुडहुडी भरली. एक दिवसाआड ताप, दातावर दात. पोरीला आला होता तसाच. फवारलेल्या घरात निजला असता तर कदाचित वाचला असता, हे मला आजही छळतं. मी पौडहून औषध आणीपर्यंत खेळ आटोपला होता.

"पान्यानं खाल्लं," वाडी म्हणाली. हा हिवताप आहे, हे मी घसा फोडून सांगितलं.

तेरावं झाल्यावर त्याची बायको सगळ्यांसमोर झऱ्यावर गेली. पाण्यात बारीक मासे पळत होते. ती ओंजळभर प्यायली आणि म्हणाली, "पानी चांगलं हाय. त्यो तापानं गेला."

मीही प्यायलो. पण मास्तर परका, त्याच्या पिण्याला कोण विचारतो?

बायकांनी वाकून पाणी पाहिलं, मासे पाहिले. मग रिकामे हंडे उचलले आणि धरणाच्या वाटेने खाली उतरू लागल्या.