वाखाच्या पाठीचं धनुष्य

"पाठ दाखवा आधी, पाठ!"

लाकडाची कुठलीही वस्तू हाती आली की आमचे सुतारकामाचे सर हेच म्हणायचे. मग ती फूटपट्टी असो, बाकाची फळी असो, नाहीतर म्हाताऱ्या शिपायाची काठी. अंगठा फिरवायचे, हळूच वाकवायचे, कान लावायचे. माझ्या गणिताच्या तासाच्या दोन फूटपट्ट्या अशाच गेल्या. मी भडकले की हसायचे. "बाई, ती मोडणारच होती. मी फक्त जल्दी केली."

जाफराबादच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सरांना धनुष्याचं खूळ लागलं. अजिंठ्याच्या डोंगराकडून धामणीच्या झाडाचे दांडे आणले आणि मधल्या सुट्टीत तासायला बसले. पहिलं धनुष्य ओढताच फाडकन मोडलं. दुसऱ्याचीही तीच गत. तुम्ही कधी धनुष्य केलं नसेल म्हणून सांगते. ओढणाऱ्यापासून लांबची बाजू ती पाठ, आणि सगळा ताण तिच्यावर. दांड्यात गाठ असली की तिथूनच फाटतं. म्हणून पाठीला काहीतरी चिकटवून बळ द्यावं लागतं.

"कच्चं कातडं लावा की," कवायतीचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले. "बिलकुल मोडत न्हाई. अन् तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या घरचंच काम!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांनी मात्र चहाचा कप शांतपणे खाली ठेवला.

"घरचं होतं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मायनं सोडलं. मायनं सोडलेलं मी धरणार न्हाई. शाळेच्या संमेलनात बिनकातड्याचं धनुष्य कानापर्यंत ओढून दाखवतो."

"अन् मोडलं तर?"

"मंग तुमच्यासमोर बसून कातडं लावीन."

अरे देवा, काय बोलून बसला हा माणूस!

मग सुरू झाली पाठीची शोधाशोध. गोणपाट लावलं, ते ताणलं की ढिलं पडायचं. जुनं धोतर लावलं, ते उभं फाटलं. ताडपत्री इतकी जाड की धनुष्य वाकेचना. शेवटी मी वडीगोद्रीला माहेरी गेल्ते तेव्हा दोर वळून उरलेला अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, पिशवीभर घेऊन आले. आखूड, गुंतलेला, अर्धा उंदरांनी कुरतडलेला. देताना मलाच लाज वाटली.

"चांगल्या मालानं कोणीबी करतं, बाई. द्या इकडं!" सरांचे डोळे असे चमकले, जणू मी रेशीमच आणलं होतं.

त्यांनी माझ्याच कंगव्यानं वाख विंचरला. (कंगवा मग तिथंच राहिला.) एकाचं शेपूट दुसऱ्याच्या पोटावर, असे पदर बसवत गेले, गाठीवर जरा जास्त. चिकटवायला सरस चालेना, कारण तोही कातडंच उकळून करतात. म्हणून चिंचोक्याची खळ शिजवली. धनुष्य वाळायला व्हरांड्यात ठेवलं आणि शिपायाच्या शेळीनं ते चाटूनपुसून स्वच्छ केलं!

"बाई, शेळीनं पाठ खाल्ली!" सर ओरडत वर्गात आले. मी पोट धरून हसले, मुलंही हसली, शेवटी सरही. मग उरलेला वाख लावून नवं धनुष्य छपरावर वाळवलं.

संमेलनाच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. लिंबाखाली सरांची माय उभी होती, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. पैज तिच्या कानावर गेली होती. कवायतीचे सर हाताची घडी घालून अगदी पुढे.

सरांनी ओढलं. छातीपर्यंत आलं. हनुवटीपर्यंत आलं. आणि कट्!

"गेलं!" कवायतीचे सर ओरडले.

गाठीवरचा वाखाचा एक पदर उठला होता. सर क्षणभर थांबले, मान तिरकी करून ऐकलं. "थांबा, पाठ बोलून राह्यली," म्हणाले आणि ओढलं की हो, थेट कानापर्यंत! बाण सुटला तो निशाण सोडून, भिंत ओलांडून पल्याडच्या कपाशीत. निशाण गेलं खड्ड्यात! मुलांनी मैदान डोक्यावर घेतलं, आणि मी, गणिताची बाई, चक्क शिट्टी मारली.

कवायतीचे सर पुढे आले. हसू दाबता येत नव्हतं त्यांना. "मला बी ओढू द्या की एकदा."

"देतो. आधी माय."

मायनं धनुष्य हातात घेतलं. ओढलं नाही. पाठ नाकाशी नेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वास घेत गेली.

"न्हाई रे," ती म्हणाली. "कातड्याचा वास न्हाई. शेताचा वास यून राह्यला." आणि मैदानभर माणसं असताना एवढ्या मोठ्या लेकाच्या गालावरून तिनं हात फिरवला.

सर गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मुलीनं धनुष्य माझ्याकडे आणून दिलं. गाठीवरचा पदर अजून तसाच उठलेला आहे. परवा ते भिंतीवरून खाली काढलं, अंगठा फिरवला, पण वाकवायचा धीर झाला नाही. मग नाकाशी धरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"न्हाई सर," मी मोठ्यानं म्हणाले. "अजूनबी न्हाई."