शाईला हात लावायचा नाही

परत आलेल्या पुस्तकांतली पेन्सिलीची अक्षरं पुसायचं काम आमच्या वाचनालयात मावशींचं. दुपारच्या पिवळ्या उन्हात त्या खोडरबर फिरवत आणि भुगा हलकेच फुंकत; कुणाची तरी कुजबुज उडून गेल्यासारखी वाटे.

एका जुन्या कथेचं पुस्तक मात्र त्यांच्याकडे सारखं यायचं. त्या कथेत नवऱ्याच्या खुनाचा आळ आलेल्या बाईला शेजारणी पुरावा लपवून वाचवतात. समासात वाचकांची जुंपलेली असे. "शाब्बास!" "खोटारड्या कुठल्या!" "कायदा म्हणजे पोरखेळ?"

"नसत्या उठाठेवी मेल्यांच्या," म्हणत मावशी सगळं पुसून टाकत.

एकदा पुसून आलेल्या त्या पुस्तकात, एका पानाच्या समासात मला एक ओळ दिसली : "माझ्या आईला अशा शेजारणी नव्हत्या."

मी ग्रंथपाल, नियमाचा पक्का. खेकसलोच, "मावशी, ही राहिली की!"

"शाईची आहे. शाई खोडली की कागद फाटतो, तिला हात लावायचा नाही. तुमचाच नियम, साहेब."

मी पान उन्हात धरलं. निळ्या शाईखाली पेन्सिलीची तीच अक्षरं स्पष्ट दिसत होती; कुणीतरी ती शाईनं गिरवली होती. मावशींच्या बोटावर तसाच निळा डाग होता.

मी पुस्तक मिटलं.

"मावशी," मी म्हणालो, "आधी हात धुऊन या."