कट म्हटल्यानंतर

आमचे सर, म्हणजे दिग्दर्शक श्री. यशवंतराव कोंडे, यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. माझी त्यांची पहिली गाठ नव्वदच्या दशकात बारामतीत पडली. मी जवळच्या पिंपळीचा, बारामतीच्या स्टँडजवळ लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी जुळवून देण्याचं माझं दुकान होतं. सर आत आले. नवरीच्या रडण्यावर करुण गाणं चढवलेली कॅसेट मी त्यांना मोठ्या हौसेनं दाखवली. ते म्हणाले, "छान आहे. पण हे दाखवलेलं त्या मुलीला चालेल का?" मला रागच आला. गिऱ्हाईक नाही, काही नाही आणि वर अक्कल शिकवतात. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, आणि महिनाभरात दुकान भावाकडे सोपवून मी त्यांचा संकलन साहाय्यक झालो होतो.

सर तेव्हा परदेशातल्या यादवी युद्धाचे फोटो काढणाऱ्या एका मराठी छायापत्रकारावर चित्रपट करत होते. युद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव म्हणून दाखवायची जागा त्यांनी शोधली ती इंदापूर तालुक्यात. उजनी धरणाच्या फुगवट्यात बुडालेलं एक गाव उन्हाळ्यात पाणी हटल्यावर वर आलं होतं. भिंती, उंबरे, चुली, सगळ्यावर वाळलेला गाळ. भरदुपारी तिथं चिटपाखरूही नसे. आपण बोललो तर आपलाच आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटे.

प्रेतांच्या कामासाठी सरांनी त्या गावातून उठून वरकुट्याकडे राहायला गेलेली माणसंच बोलावली. बायकांना ते पसंत नव्हतं. जित्या माणसाला मढं म्हणून निजवणं अशुभ, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांच्यातल्याच सोपानतात्यांच्या मंडळी पारूबाई यांनी अट घातली, "उठिवताना एकेकाचं नाव घिऊन उठवा." सरांनी सगळ्यांची नावं पाठ केली. साध्या माणसांचं म्हणणं त्यांनी कधी हसण्यावारी नेलं नाही.

शॉट सुरू झाला. नायक प्रेतांमधून फोटो काढत चालत गेला. सर "कट" म्हणाले. कुणी हललं नाही. सरांनी सोपानतात्यांना हाक मारली. ओ नाही. गेनूआबांना मारली. ओ नाही. सगळी नावं घेऊन झाली. तोंडावर माशी बसली तरी कुणाची पापणी हलेना. पारूबाईंनी तोंडाला पदर लावला. कॅमेरामन कॅमेरा बंद करायचंही विसरून गेला होता.

सर जाऊन तात्यांजवळ गाळात बसले. तात्या डोळे मिटूनच म्हणाले, "जित्ता हाय, सायेब. ही माझ्या घराची वसरी. हितं पाठ टेकून लई वर्सं झाली. जरा पडू द्या."

कुणी कुठं निजायचं हे आम्ही त्यांच्यावरच सोडलं होतं. जो तो आपापल्या दारात निजला होता. सरांनी त्या दिवसाचं काम तिथंच थांबवलं.

पुढं संकलनाच्या टेबलावर "कट"नंतरचा तो तुकडा मी पाहिला. त्यात कुणाची छातीसुद्धा हलताना दिसत नव्हती. अख्ख्या चित्रपटात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. हा चित्रपट पडला तर पुढचा मिळणं कठीण, हे सरांनाही ठाऊक होतं. तो तुकडा ठेवावा म्हणून मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. सर शांतपणे म्हणाले, विचारून येऊ. आम्ही वरकुट्याला गेलो. तो तुकडा ठेवू का, असं सरांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "मेल्यावानी पडलोय त्ये दावा. घरी आलोय त्ये नगा दावू."

सरांनी "कट"च्या आधीचं ठेवून तो तुकडा काढायला सांगितला. मीच तो कापला, चडफडत. चित्रपट पडला आणि पुढं कित्येक वर्षं सरांना काम मिळालं नाही. पण त्याबद्दल तात्यांना किंवा मला त्यांनी चकार शब्दानं बोल लावला नाही. अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

डोळे मिटले की तो तुकडा अजून मला दिसतो. त्यात तात्यांचा श्वास चालत नाही, पण चेहरा तृप्त आहे. तेवढी तृप्ती आमच्या सरांना जागेपणी, धडधाकट अंगानं आणि आणखी पुष्कळ वर्षं लाभो.