पारनेर तालुक्यातल्या एका बांधावर: शेतपाहणीचे दोन दिवस

अण्णांना सोबत न्यायचं की नाही, यावर आमच्या घरात आठवडाभर खल चालला होता. सहल होती सेंद्रिय शेती बघायची, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उमेदीची सगळी वर्षं इंदापूरला खतं-औषधांचं दुकान चालवलं. टीव्हीवर 'विषमुक्त' हा शब्द आला की ते रिमोट शोधायला लागतात. शेवटी तेच म्हणाले, "येतो मी. निदान खोटं कुठं आहे ते तरी सांगता येईल तुला."

आमंत्रणाचं असं झालं. पारनेर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाकडून आम्ही दोनेक वर्षं बाजरी, मूग, हरभरा मागवतो. या गटाचं प्रमाणपत्र कुणी साहेब येऊन देत नाही. गटातलेच शेतकरी एकमेकांच्या वावरात फिरतात, पिकाकडे, बांधाकडे, गोठ्याकडे बघतात, विचारतात आणि मग सह्या करतात. सलग तीन वर्षं रासायनिक काही पडलं नाही असं ठरलं, की पूर्ण सेंद्रियचा शिक्का. यंदा त्यांनी ग्राहकांनाही बोलावलं होतं. आमची सोय गटातल्याच सुनंदाताईंकडे होती. त्यांचं हे तिसरं वर्ष. पाहणी पार पडली की शिक्का मिळणार होता. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी पुण्याहून गाडी काढली. नगर रस्त्याबद्दल एकच सल्ला: शिक्रापूर गर्दीच्या आधी ओलांडा, नाहीतर घरीच बसा. शिरूरला मिसळ खाल्ली, घोड नदीचा पूल ओलांडला आणि जिल्हा बदलला. सुप्यापर्यंत रस्ता सरळ आहे. तिथून पारनेरकडे वळलं की कंपन्यांच्या भिंती मागे पडतात आणि माळ सुरू होतो. पुढे रस्ता कुठे चांगला, कुठे आठवणीपुरता. पारनेरला पेट्रोल भरून घ्या.

वाटेवर नसतानाही आम्ही आधी भाळवणीमार्गे हिवरे बाजारला गेलो. अण्णांनी त्या आदर्श गावाबद्दल ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. डोंगरउतारावर गवत एवढं दाट उभं होतं, की मला वाटलं कुणीतरी पेरलं असावं. डोक्यावर भारा घेऊन एक आजोबा उतरत होते. अण्णांनी गाडीतूनच विचारलं, "गुरं सोडत नाही का वर?"

"न्हाई. कापून न्यायचं. गुरं वर घातली की खुरानं माती मोकळी हुती आन पावसात निगून जाती."

"आणि कुणी सोडलीच तर?"

आजोबांनी भारा सावरला. "कोन सोडतंय? समद्यांचंच हाय की ते."

अण्णांनी मागे वळून उताराकडे बघितलं. मग म्हणाले, "गवत मात्र चांगलं आहे."

दुपार कलताना सुनंदाताईंच्या वस्तीवर पोचलो. पत्र्याचं स्वच्छ घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, शेळ्या, दोन गायी, एका बाजूला गांडूळखताचे हौद. ताई चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला मोकळ्या. त्यांचे यजमान दत्ताभाऊ कमी बोलणारे. इथे राहायचं असेल तर गटाला आधी फोन करावा लागतो. माणशी पाचशे रुपयांत मुक्काम आणि दोन वेळचं जेवण. थंडीचे कपडे विसरू नका, माळावरचा वारा पुण्याच्या वाऱ्यासारखा विचारून आत येत नाही. रात्री हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा होता. अण्णा शेंगोळी दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "हुलगा तरी विनाफवारणीचा आहे, हे मी मान्य करतो." सगळे हसले. दत्ताभाऊ हसले नाहीत. मला तेव्हा वाटलं, स्वभावच तसा असेल.

सकाळी चहाच्या आधीच अण्णा शेतात जाऊन आले आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं.

हरभऱ्याचं वावर होतं, पलीकडे शेजाऱ्याचा कांदा, मध्ये रुंद बांध. बांधावरचं गवत पिवळं पडलं होतं. इकडच्या बाजूचं निम्मं विळ्यानं कापलेलं, निम्मं तसंच उभं. बांधाला लागून असलेल्या हरभऱ्याची पानंही पांढुरकी पडून आक्रसली होती.

"थंडीनं असेल," मी म्हणाले.

"थंडीनं असं सरसकट होत नाही. पट्टा ओढल्यासारखं आहे बघ. तणनाशक आहे हे. शेजाऱ्यानं मारलं आणि वारं इकडं होतं."

"मग सांगायचं?"

"कुणाला? ज्यांच्या घरी काल जेवलो त्यांच्याविरुद्ध?" अण्णांनी चष्मा काढून पुसला. खोटं शोधायला आले होते, आणि ते सापडल्यावर त्यांना ते नको झालं होतं.

एवढ्यात ताई शेळ्यांसाठी पाला घ्यायला आल्या. आम्हाला तिथे बघून थबकल्या. अण्णांनी नजर वळवली नाही, अगदी मऊ आवाजात विचारलं, "ताई, हे अर्धंच का कापलंत?"

त्या बांधावरच बसल्या. "तुमच्या ध्यानात आलं व्हय." मग कापलेल्या कडेकडे बोट करत म्हणाल्या, "इस्नूभावजींनी मारलं. ह्यांचा चुलतभाऊ. त्यांच्याच बाजूला मारलं, आमच्याकडं मारलं न्हाई, खोटं कशाला बोलू. हे म्हनले, कापून टाक, पाहनीच्या आदी साफ दिसंल. मी कापाया घेतलं. निम्म्यात आले आन हात चालंना."

"का?"

"गेल्या साली मंदाबाईच्या वावरात पाहनीला मी गेल्ते. तिच्या वांग्यावर औशीद मारलेलं दिसलं. तिच्या पोरानं तिला न विचारता मारलं हुतं. कुनी बोलंना. मीच बोलले. तिची सगळी वर्सं वाया गेली, पयल्यापासनं धरलं तिला." त्यांनी वाळक्या गवताची काडी मोडली. "आज मंदाबाई येनार हाय माझ्या पाहनीला."

 अण्णा फक्त म्हणाले, "चहा घेऊ या आधी."

दहाच्या सुमाराला पाहणीची मंडळी आली. पुढे गटप्रमुख नाना, पागोटं, हातात काठी. बरोबर दोन शेतकरी आणि मंदाबाई, बारीक अंगाच्या, पदर खोचलेल्या. आम्ही आणि पुण्याची आणखी एक जोडी मागून चालत होतो. गोठा झाला, खताचे हौद झाले, बियाणं ठेवायच्या कणग्या झाल्या. ज्वारीतून फिरताना नाना मूठभर माती उचलून वास घेत आणि दुसऱ्याच्या नाकाशी धरत. मग हरभरा आला.

दत्ताभाऊ पटकन पुढे झाले. "गवात कापायचं ऱ्हायलंय जरा. थंडीनं करपलंय."

नाना गवताकडे बघत राहिले.  मी ताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज स्पष्ट निघाला.

"थंडीनं न्हाई, नाना. पलीकडनं तननाशक आलंय. कापून झाकायला घेतलं हुतं मी. हे बगा, निम्मं कापलंय."

"सुनंदा!" दत्ताभाऊ म्हणाले. मग मान फिरवून विहिरीकडे चालू लागले.

सगळ्यांच्या नजरा मंदाबाईंवर गेल्या. गेल्या वर्षीचं सगळ्यांना माहीत होतंच. मंदाबाई वाकल्या. बांधाच्या कडेनं एक एक झाड उलटंपालटं करत वावराच्या आत सरकत गेल्या. जिथे पानं पुन्हा हिरवीगार दिसायला लागली तिथे त्यांनी एक दगड ठेवला. मग थोडं पुढे दुसरा. असं बांधाच्या टोकापर्यंत. आम्ही सगळे उन्हात उभे. दगड ठेवून झाल्यावर त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एवढी पट्टी गेली. ह्यातला हरभरा शिक्क्यात घ्यायचा न्हाई. पलीकडच्या झाडाला काय झालं न्हाई. समदं वावर कशाला मारता?"

एक शेतकरी म्हणाला, "तुमचं तर समदं वावर धरलं हुतं."

"माझ्यात माझ्याच मानसानं मारलं हुतं. हिच्यात दुसऱ्यानं. आन हिनं सोताहून सांगितलं." मग ताईंकडे न बघताच, "माझ्यात सांगितल्याचा राग हुता मला. हाय अजून. पन दगड खोटं ठेवनार न्हाई मी."

नानांनी मान हलवली. "बराबर हाय. पन एक अडचन हाय. पुढच्या म्हैन्यात पलीकडनं परत मारलं तर? शेजाऱ्याचा शब्द लागंल, बांधावर मारनार न्हाई म्हनून. त्यो मिळाला तर पट्टी सोडून बाकीच्याला सही. न्हाईतर थांबावं लागंल."

इथे खरी गाठ होती. बांधाच्या वादातून जमिनीची मोजणी झाल्यापासून दत्ताभाऊ आणि विष्णू या चुलतभावांच्या घरांत बोलणं बंद होतं. म्हणूनच 'इकडे मारू नका' हे साधं वाक्य कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. दत्ताभाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले होते. ताई त्यांच्याशी बोलून परत आल्या. "हे येत न्हाईत." मग आमच्याकडे वळल्या. "तुमी चला माझ्यासंगं. पावनं असले की मानूस भांडत न्हाई."

अशा रीतीनं मी आणि अण्णा पाहुणे म्हणून नेमले गेलो. घरं हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यानं वळसा घालून गेलो, कारण बांध ओलांडायचा नव्हता.

विष्णू ओसरीवर ठिबकच्या नळ्या साफ करत होते. पन्नाशीच्या आतले, दणकट. ताईंना बघून उठले. पण 'या' म्हणायचं की नाही याचा निर्णय होईना. आतून त्यांची बायको लता आली, तिनं सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी पिऊन झालं.

"भावजी," ताई म्हणाल्या, "बांधावर मारलेलं वारं घेऊन आमच्यात आलं."

"मी माझ्या बाजूला मारलंय."

"माहीत हाय. भांडाया आले न्हाई. पुढं मारू नगा, एवढं सांगाया आले."

"मजूर मिळत न्हाई, वहिनी. गवात वाढलं की कांद्यात उतरतं. बांध कोन कापीत बसनार?"

अण्णा खाकरले. मी मनात म्हटलं, आता काय. "मी औषधंच विकायचो," अण्णा म्हणाले. "तणनाशकाचं काम काय ते मला शिकवायला नको. वावरात मारा, मी नाही म्हणत नाही. पण बांध कधी उघडा करू नये. पहिल्याच पावसात त्याची माती तुमच्या कांद्यात बसेल. मग बांध कुठपर्यंत होता याची पुन्हा मोजणी."

'मोजणी' शब्दावर विष्णूंनी मान वर केली.  पण लता पटकन म्हणाली, "आक्का, शेळ्या हायेत ना तुमच्या अजून? मग कापून न्या की गवात. आमच्या बाजूचंबी न्या. ह्यांना मारायला नगं आन तुमाला चारा."

ताई विष्णूंकडे बघत राहिल्या. "कापलं असतं. पन तुमच्या बांधावर पाय ठिवायचा न्हाई, असं तुमी मोजनीदिवशी म्हनला हुता, भावजी."

विष्णूंनी हातातली नळी खाली ठेवली. 

"म्हनलो हुतो," ते म्हणाले. "ठिवा आता."

परत येताना ताई रस्त्यानं आल्या नाहीत. कांद्याच्या कडेनं सरळ बांधाकडे गेल्या, क्षणभर थांबल्या आणि बांधावर चढल्या. पलीकडे नाना आणि मंडळी उभी होती. दत्ताभाऊ विहिरीवरून उठून उभे राहिले. विष्णू आता बांधावर मारणार नाहीत, एवढंच ताईंनी नानांना सांगितलं.  दुपारी पंगत बसली तेव्हा मंदाबाईंच्या ताटात दत्ताभाऊंनी स्वतः भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर आम्ही निघालो. अंधारायच्या आत पारनेरचा घाटवजा रस्ता ओलांडायचा होता. परतताना थांबायचं असेल तर सुप्याच्या पुढे चहाच्या टपऱ्या बऱ्या आहेत. अण्णांनी गाडीत फक्त एकदाच विषय काढला. "शिक्क्यात खोटं नाही गं. पण शिक्का कागदाला नाही, माणसांना मिळत असतो, एवढं मला माहीत नव्हतं." मग सीट मागे करून झोपले.

घरी आल्यावर मैत्रिणी विचारतात, तिथे बघण्यासारखं काय आहे? गड नाही, धबधबा नाही. फोटोसुद्धा मी धड काढले नाहीत. बांधावर ताई चढल्या तेव्हा तर मोबाईल काढायची लाज वाटली. ज्यांना जायचं असेल त्यांनी पाहणीच्या दिवसात जावं आणि जेवायला नाही म्हणू नये. मला स्वतःला तिथून आल्यापासून एक जाणवतं: जमीन सांभाळणं म्हणजे खत आणि बियाणं एवढंच मी धरून चालले होते. शेजाऱ्याशी बोलणं हेही त्यातलंच काम आहे, आणि ते सगळ्यात अवघड.

संक्रांतीनंतर ताईंचा फोन आला. सही झाली होती. पट्टीतला हरभरा वेगळा काढून बाजारात साधा म्हणून विकणार होत्या. बांधावरचं नवं गवत त्या आणि लता मिळून कापतात, शेळ्या खूश आहेत.

"मग आता दोन्ही घरांत बोलणं सुरू झालं?" मी विचारलं.

त्या हसल्या. "न्हाई हो ताई, कुठलं. मोजनीचं कुनीच बोलत न्हाई." मग म्हणाल्या, "गवताचं बोलतो."