ताईचा जुना धागा

प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम धाकटी बावीस वर्षं करत होती. ताईने जग सोडून जाण्याआधी हट्टाने आपल्या कातडीचा कणभर तुकडा तिथे संशोधनासाठी दिला. "जन्मभर मी तुला राबवलं, आता तू मला सांभाळ," असं म्हणून हसली होती. त्या पेशी काचेच्या बाटलीत वाढत राहिल्या आणि त्यांचं पोषक द्रव बदलताना धाकटीचा जीव तुटायचा.

एकदा तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं, "इतक्यांदा दुप्पट झाल्या या. यात ताईचं मूळचं काही उरलंय, की सगळ्या नकलाच?"

"डीएनएचे दोन धागे सुटतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यालगत नवा विणला जातो," मॅडम म्हणाल्या. "जुना धागा पेशी टाकत नाही. ताईंच्या अंगातले काही धागे यात अजून असू शकतात. आणि पेशी ताईंच्याच डीएनएतल्या मजकुरावरून प्रथिनं बनवतायत, अगदी जखम भरून काढणारीसुद्धा."

धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जुना धागा कुठल्या पेशीत आहे, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून ती एकेक करून सगळ्याच पाहत राहिली. मॅडम जेवून परत आल्या, तरी ती उठली नव्हती.