वोल्टरच्या माडीवरचा ऑर्गन

माझा नवरा रूलोफ मत्सरी आहे, आणि हे मी त्याला तोंडावर सांगत आले आहे. आठवडाभर दुधाचा टँकर चालवायचा आणि रविवारी चर्चचा ऑर्गन वाजवायचा, एवढंच त्याचं आयुष्य. टँकर कुणीही चालवावा, त्याची हरकत नाही. ऑर्गनच्या बाकावर मात्र दुसऱ्या कुणी बूड टेकलं की याच्या पोटात दुखतं.

म्हणून शेजारच्या वोल्टरने निवृत्त झाल्यावर घरातच ऑर्गन उभारायला घेतला, तेव्हाच मी ओळखलं की आता आमच्याकडे जेवण गोड लागायचं नाही. कुठल्याशा पाडलेल्या चर्चच्या ऑर्गनमधल्या, बोटांनी दाबायच्या पट्ट्या आणि पायांनी दाबायच्या पायपट्ट्या त्याने माडीच्या खिडकीतून आत घेतल्या. त्यासाठी मुलाचा पलंग बाहेर काढला. हवेवर वाजणारी खरी नळी त्यात एकही नाही. शहरातल्या मोठ्या चर्चच्या ऑर्गनची एकेका नळीचा आवाज कुणीतरी रेकॉर्ड केलेला, ते सगळे त्याने कंप्युटरात भरली. पट्टी दाबली की ती नळी बोलते, आणि त्या चर्चच्या दगडी भिंतींतलं घुमणंही मागोमाग येतं.

"खेळणं आहे खेळणं," रूलोफ म्हणाला. पण संध्याकाळी वोल्टरची खिडकी उघडी दिसली की हा कापलेलंच गवत पुन्हा कापत कुंपणाशी उभा.

मग चर्चच्या पंचांत बोलणं निघालं की एक आड एक रविवार वोल्टरला द्यावा. पंच लुबर्ट त्याचं वाजवणं ऐकायला शनिवारी येणार होते. वोल्टरच्या बायकोने, फेन्नेने, आम्हालाही कॉफीला बोलावलं. एरवी तिकडे पाऊल न टाकणारा रूलोफ पायपट्ट्या वाजवताना घालायचे ऑर्गनचे बूट घालून निघाला.

वोल्टरने स्तोत्र सुरू केलं आणि ती एवढीशी खोली चर्च झाली. लुबर्टनी डोळे मिटले. रूलोफचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

"छान हं," तो म्हणाला. "आता ते घुमणं बंद करून वाजव की. बंद होतं ना? का त्याच्याच जिवावर चाललंय सगळं?"

"रूलोफ, कॉफी घे," फेन्ने म्हणाली.

वोल्टर कानापर्यंत लाल झाला, पण त्याने घुमणं बंद केलं. आता सगळंच ऐकू यायला लागलं. सुरांमधल्या फटी, उशिरा पडणारा पाय. दोन कडव्यांत त्याने आवरलं. लुबर्ट कपात बघत राहिले.

"सरक, दाखवतो," रूलोफ म्हणाला.

मी त्याचा कोट ओढला. "अरे, बस ना गप!"

ऐकतोय कोण! बसला, वाजवायला लागला, आणि इतकी वर्षं चर्चच्या भिंतींनी झाकलेलं सगळं उघड्यावर आलं. त्याच फटी. डावा पाय तर वोल्टरपेक्षा ढिला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी कळलं. त्यालाही दुसऱ्याच ओळीला कळलं. पण स्तोत्र अर्ध्यात सोडत नाहीत.

"म्हणजे आपल्याकडे भिंतीच छान वाजवतात म्हणायचं," लुबर्ट म्हणाले. एक आड एक रविवार ठरला.

"पट्ट्या ढिल्या आहेत त्याच्या," घरी येताच हा म्हणाला.

"हो का? आणि पाय कुणाचा होता?"

वोल्टरच्या पहिल्या रविवारी रूलोफ माझ्या शेजारी बाकावर बसला, हाताची घडी घालून, चुका धरायच्या तयारीने. एकही चूक सापडली नाही. एका सुरातून दुसरा अलगद निघत होता. गाणाऱ्यांचे आवाज भरून आले. रूलोफने पेपरमिंटची गोळी कडाकड चावून खाल्ली.

बाहेर फेन्नेने माझा हात धरला. "रूलोफला सांग, फार उपकार झाले. त्या दिवसापासून हा घुमणं चालूच करत नाही बघ. रोज कोरडंच वाजवतो."

रूलोफ माझ्या मागेच उभा होता.

कालव्याच्या कडेने आम्ही घरी निघालो. 

"मीच शिकवलं की गं त्याला," तो म्हणाला.

मग आमचं फाटक उघडताना म्हणाला, "पुढच्या रविवारी माझी पाळी आहे ना? लुबर्टना कळव, मला बरं नाहीये म्हणून."

टोमणा अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.