सोफ्याच्या पोटातली ठमी

मास्तरांनी मांजर सोफ्यात शिवलं. चुकून शिवलं, पण अगदी पक्कं. खालच्या काळ्या कापडाला बोटबोट अंतरावर पिना मारून.

मास्तर म्हणजे सोफे आणि खुर्च्यांचे कारागीर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. बसून बसून खड्डा पडलेली खुर्ची त्यांच्याकडून छाती फुगवून घरी जायची. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. ‘मास्तर’ ही पदवी तीस वर्षं जगाला फुकट सल्ले देऊन मिळवलेली. दुसऱ्याचा सल्ला ऐकणं मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

ठमी आदल्याच दिवशी घरात आली होती. गल्लीतलीच, पांढरी, कानाचं टोक फाटलेली. स्कूटरखाली येता येता वाचली, म्हणून मास्तर तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "ही ठार बहिरी आहे. हॉर्न ऐकूच येत नाही तिला. रस्त्यावर महिनाभर टिकायची नाही. घरात ठेवा. आधी एकच खोली द्या, लपायला अंधारा कोपरा द्या, वाळूचा ट्रे जेवणापासून लांब ठेवा आणि मागे मागे फिरू नका."

मास्तरांनी मान डोलावली आणि घरी येऊन तिला सगळं घर मोकळं करून दिलं. वर "आपलंच समज हं," असंही म्हणाले. बहिऱ्या मांजराला!

ठमी बावरली आणि सरळ पायपुसण्यावर जाऊन नको ते करून बसली.

"आठ दिवस!" बायकोनं बोट नाचवलं. "आठ दिवसांत माणसात आली तर राहील. नाहीतर डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा तो मांजरांचा निवारा आहे ना, तिथे पोचवायची. पिंजऱ्यात का होईना, जगेल तरी."

चाळीस मांजरांत, पिंजऱ्यात. मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ठमी गायब. मास्तर गुडघ्यांवर रांगत कपाटाखाली डोकावले. "ठमे! ए ठमे!"

"अहो, बहिरी आहे ती."

"मग तू हाक मार. तुझा आवाज पोचेल."

ठमी दाराबाहेर गेली असेल तर संपलंच. तेवढ्यात फोन वाजला. सकाळी जिचा सोफा टेम्पोनं पोचवला होता, ती निवृत्त नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत.

"मास्तर, सोफा झकास झालाय. पण तो आतून खाजवतोय."

मास्तर पक्कड आणि कांद्यांची टोपली घेऊन धावले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात बायकोची. सोफा हळूच आडवा केला, कापड टराटरा उसवलं. आत ठमी! दुरुस्तीला सोफा उघडा होता तेव्हा शिरून झोपली असणार, आणि पिनांची ठकठक तिच्या कानांच्या गावीही नव्हती; हादरे गादीनं गिळले. तिनं उजेडाकडे डोळे किलकिले करून पाहिलं आणि सावकाश जांभई दिली.

"पोटातून काढलेली बाळं खूप पाहिली," सिस्टर म्हणाली, "पण जांभई देणारी ही पहिलीच."

"संध्याकाळी येऊन शिवून देतो," असं सांगून मास्तर ठमीला टोपलीत घालून निघाले, आणि वाटेतच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या घरात भेदरलेली ही, टीचभर अंधारात ढाराढूर झोपली होती! डॉक्टरीणबाई वेगळं काय सांगत होत्या?

मग काय विचारता! सिंहासनाची ऑर्डर आल्यासारखे मास्तर कामाला लागले. उरलेल्या प्लायवूडची पेटी, आतून फोम, वर मऊ कापड, दोन विती रुंद तोंड. ती आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, ट्रे समोरच्या कोपऱ्यात, दार बंद. चौथ्या दिवशी मास्तर ओरडतच बाहेर आले, "झालं! ट्रेमध्ये झालं!" शेजाऱ्यांना वाटलं, कुणीतरी परीक्षेत पास झालं.

पण ठमी कुणासमोर येईना. कोणी नसताना वाटी रिकामी करायची आणि पुन्हा पेटीत.

"हे मांजर नाही, भाडेकरू आहे," बायको म्हणाली.

आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं टोपली आणून पेटीपुढे ठेवली. "काढा तिला."

"अजून दोनच दिवस…"

"आठ म्हणजे आठ!"

"अगं, पण ती…"

"आता एक शब्द नाही!" आणि तिनं फरशीवर असा पाय आपटला की कपाटातली भांडी किणकिणली.

पेटीतून पांढरं डोकं बाहेर आलं.

बायकोनं पुन्हा पाय आपटला, या वेळी जरा बेतानं. ठमी बाहेर आली, शेपटी उभी करून थेट तिच्यापाशी गेली आणि तिच्या घोट्याला गाल घासू लागली.

"तिला जमिनीतून कळतंय!" मास्तर उडालेच. "तू हाक मारलीस तिला!"

"नाचू नका, घाबरेल ती," बायको कुजबुजली. तिचा आवाज जरा ओला होता. "आणि वाटी आणा. उपाशी असेल."

टोपली परत कांद्यांची झाली. आता दोनदा पाय आपटला की ठमी हजर. दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला मास्तर हा खेळ दाखवतात, एकदा दाखवून भागलं नाही तर दोनदा. त्यात दिवस कुठे जातो कळत नाही.

काल पुन्हा सिस्टरचा फोन आला. "मास्तर, तुमची संध्याकाळ कधी होणार? माझ्या सोफ्याचं पोट तीन आठवडे उघडं आहे."

"उद्या नक्की," मास्तर म्हणाले. "आधी हे ऐका." आणि त्यांनी फोन जमिनीजवळ धरून पाय आपटला.